बीफचा आसाद: अखंड तुकडा, जाड पातेलं आणि मंद आच

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये नाताळाला आणि सणासमारंभाला बीफचा एक मोठा तुकडा अखंड शिजवून त्याचे काप वाढतात. त्याला आसाद म्हणतात. शब्द पोर्तुगीजमधून आलेला, अर्थ ‘भाजलेलं’. पण घरोघरी हा पदार्थ भट्टीत भाजत नाहीत. तुकडा आधी तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस करतात आणि मग त्याच पातेल्यात, थोड्याशा रसात, झाकण ठेवून तासन् तास मंद आचेवर शिजवतात. अमेरिकेत याच पद्धतीच्या पदार्थाला पॉट रोस्ट म्हणतात. तिथे गाजर, सेलरी आणि थाइम पडतं. इथे आलं-लसूण, मिरी, दालचिनी आणि माडाचं व्हिनेगर. मांस मऊ होण्याची क्रिया दोन्हीकडे तीच असते, आणि ती नीट समजली की आसाद बिघडत नाही.

ती क्रिया अशी. जनावराचा जो स्नायू दिवसभर राबतो, त्यात तंतूंना बांधून ठेवणारं पांढरं, चिवट कोलॅजन भरपूर असतं. मांस आतून ६० ते ७० अंश सेल्सिअसला पोचलं की तंतू आक्रसतात आणि पाणी बाहेर टाकतात. तुकडा ताठ होतो, लहान दिसायला लागतो. कोलॅजन या वेळी जेमतेम विरघळायला लागलेलं असतं. ८० अंशांच्या पुढे त्याचं जिलेटिन भराभर होऊ लागतं आणि ९३-९५ अंशांच्या आसपास तुकडा काट्याला विरोध करेनासा होतो. म्हणजे मऊ होण्याआधी मांस कडक होणारच. फसलेल्या आसादांपैकी निम्मे तरी या मधल्या कडक टप्प्यावर घाबरून गॅस बंद केल्याने फसतात. ‘जास्त शिजलं, वातड झालं’ असं वाटतं, पण ते अजून शिजलेलंच नसतं.

मांस कोणतं घ्यायचं

खांद्याचा, बिनहाडाचा, दीड किलोचा एकच तुकडा मागा. आत चरबीच्या बारीक रेघा आणि पांढऱ्या पडद्यांच्या एक-दोन पट्ट्या दिसायला हव्यात. या पट्ट्या बघून बरेच जण तुकडा परत करतात; आसादासाठी नेमका तोच तुकडा उत्तम, कारण रसाला दाटपणा आणि ओठांना लागणारा तो किंचित चिकटपणा तिथूनच येतो. छातीचा भागही चालतो, फक्त तास-दीड तास जास्त लागतो. नळीचं मांस चवीला सुरेख असतं, पण त्याचे सलग काप निघत नाहीत. मांडीचा मागचा भाग, ज्याला दुकानात टॉपसाइड म्हणतात, त्याचे काप अगदी नीटनेटके पडतात म्हणून तो लोकप्रिय आहे. मात्र त्यात चरबी आणि कोलॅजन दोन्ही कमी असल्याने तो कोरडा लागतो आणि सगळी भिस्त रसावर राहते. अंडरकट तर अजिबात घेऊ नका. जनावराचा तो सर्वांत कोवळा आणि सर्वांत महागडा भाग. त्यात विरघळण्यासारखं काही नसतं, तीन तासांनंतर हातात चोथा उरतो.

वजनापेक्षा जाडीकडे जास्त लक्ष द्या. शिजायला किती वेळ लागेल हे जाडी ठरवते. साधारण १० सेंटीमीटर जाडीचा, दोन्ही टोकांना सारखा तुकडा हवा. एक टोक निमुळतं असेल तर ते आत दुमडून सुती दोऱ्याने बांधा, दर तीन सेंटीमीटरवर एक गाठ. नायलॉनचा दोरा नको.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मुंबई-पुण्यात मिळतं ते म्हशी-रेड्याचं मांस. त्याचाही आसाद चांगला होतो, पण वेळेचा हिशोब बदलावा लागतो. हे मांस रंगाने गडद, चरबी पांढरी आणि कमी, आणि जनावर बहुतेकदा वयस्क असतं. जनावराचं वय वाढतं तसं कोलॅजन विरघळायला जास्त हट्टी होतं. जिथे बैलाच्या मांसाला तीन-साडेतीन तास पुरतात, तिथे इथे साडेचार-पाच तास धरा. बाहेरची जाड चरबी आणि वरचा चंदेरी पडदा काढून टाकला की उग्र वासही बराच कमी होतो. आतल्या पट्ट्यांना हात लावू नका.

आणखी एक. आपल्याकडे मांस बहुधा त्याच दिवशी कापलेलं, कधीकधी गरम असतानाच विकलं जातं. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि मग हळूहळू सैल होतात. म्हणून सकाळी आणून दुपारी शिजवायला ठेवू नका. फ्रिजच्या सर्वांत खालच्या, थंड कप्प्यात किमान एक दिवस, जमलं तर दोन दिवस राहू द्या. मसाला लावून ठेवायचा वेळ यातच धरायचा. परदेशात चक रोस्ट म्हणून मिळणारं खांद्याचं मांस आधीच मुरवलेलं आणि कमी वयाच्या जनावराचं असतं. तिथे हा प्रश्न येत नाही आणि तीन तासांत काम होतं.

दीड किलोसाठी प्रमाण

बारीक मीठ २२ ग्रॅम, म्हणजे चार सपाट छोटे चमचे. लसूण ४० ग्रॅम, आलं ३० ग्रॅम, दोन्ही पाणी न घालता वाटून. जाडसर कुटलेली मिरी दीड छोटा चमचा. माडाच्या सुरेचं व्हिनेगर तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिलिलीटर. लवंगा ६, दालचिनीचे बोटाएवढे २ तुकडे, तमालपत्र २, काश्मिरी सुक्या मिरच्या ४, देठासकट आणि न मोडता. मध्यम कांदे ३. तेल तीन मोठे चमचे. गरम पाणी किंवा हाडांचा स्टॉक अर्धा लिटर. बटाटे ६०० ग्रॅम.

माडाचं व्हिनेगर मिळालं नाही तर सफरचंदाचं घ्या. साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर फार तिखट, एकसुरी आंबट असतं; तेच वापरायचं झालं तर दोनच चमचे. मिरच्या न मोडता घालायचं कारण म्हणजे आसाद तिखट नसतो. मिरचीचा रंग आणि धुरकट वास हवा, आतल्या बियांचा जाळ नको. हे विंदालू, म्हणजे गोव्याचा तो तिखट-आंबट रस्सा, नव्हे.

मिठाचं प्रमाण मांसाच्या वजनाच्या दीड टक्का आहे. सगळं मीठ मांसालाच चोळायचं, रसात वेगळं घालायचं नाही. शेवटी रस आटतो तेव्हा त्यातला खारटपणा वाढतो. सुरुवातीलाच चवीपुरतं मीठ घातलेला रस आटल्यावर तोंडात घालवत नाही.

मसाला लावणं

मांस पाण्याखाली धुतलं असेल तर आधी नीट पुसून कोरडं करा. तुकडा काट्याने सगळीकडे टोचायची पद्धत आहे. त्याने फार बिघडत नाही, पण वाटण त्यामुळे खोल उतरतं असंही नाही. मीठ दिवसभरात बरंच आत जातं. आलं-लसूण मात्र वरच्या काही मिलिमीटरमध्येच राहतात. आतपर्यंत वास हवा असेल तर टोकदार सुरीने आठ-दहा खोल खाचा करा आणि प्रत्येकीत लसणाची अर्धी पाकळी, दोन-तीन खाचांत एकेक लवंग दाबून बसवा.

मीठ, मिरी, वाटण आणि व्हिनेगर एकत्र करून चोळा आणि काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. १२ ते २४ तास. यापेक्षा जास्त ठेवल्याने फायदा नाही, उलट तोटा आहे: कच्च्या आल्यात मांस विरघळवणारं विकर असतं आणि त्याला व्हिनेगरची जोड मिळाली की तिसऱ्या दिवशी बाहेरचा थर पिठूळ लागतो.

खरपूस करणं

पातेलं जाड बुडाचं, पाच लिटरचं, घट्ट झाकणाचं हवं. व्हिनेगरमुळे साधं अॅल्युमिनियम किंवा मुलामा नसलेलं बीड नको. तीन तासांत रसाला धातूची चव येते. जाड बुडाचं स्टील, मुलामा दिलेलं बीड किंवा कल्हई केलेलं पितळ चालेल.

तेल तापवण्याआधी मांसावरचं वाटण सुरीच्या बोथट बाजूने निपटून एका वाटीत काढा. एक कणही फेकू नका, ते पुढे लागणार आहे. मग तुकडा कागदी रुमालाने दाबून दाबून कोरडा करा. ही पायरी गाळली तर दोन गोष्टी बिघडतात. वाटण तेलात पडताच करपतं आणि तो कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. आणि ओल्या मांसाचा पृष्ठभाग पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या वर चढत नाही. तपकिरी रंग यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. ओला तुकडा मग स्वतःच्याच पाण्यात उकडून राखाडी होतो.

तेलातून हलका धूर निघू लागला की तुकडा ठेवा आणि हलवू नका. पहिली चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. बाजू तयार झाली की तो आपोआप सुटतो; ओढावा लागत असेल तर अजून वेळ आहे. चारही बाजू आणि दोन्ही टोकं धरून १५ ते १८ मिनिटं जातात. रंग भाजलेल्या कॉफीच्या बीसारखा गडद तपकिरी हवा. यामुळे रस आत ‘कोंडला जातो’ असं सांगतात, ते खरं नाही. खरपूस कडेतूनही पाणी सुटतंच. हे करायचं ते चवीसाठी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही प्रक्रिया आहे: प्रथिनं आणि साखर उच्च तापमानाला एकत्र येऊन शेकडो नवे वास तयार होतात, आणि रसाचा रंग-गंध मुख्यतः तिथूनच येतो.

मांस ताटात काढा. पातेल्याच्या तळाला तपकिरी थर धरलेला असेल. तो तपकिरी असेल तर सोनं आहे. काळा झाला असेल तर तेल ओतून द्या, तळ पुसून घ्या आणि नवं तेल घाला. आता आच मध्यम करून लवंग, दालचिनी, तमालपत्र आणि मिरच्या अर्धा मिनिट परता, मग उभा चिरलेला कांदा. कांद्याला पाणी सुटतं आणि तळाचा थर सुटू लागतो. दहा-बारा मिनिटांनी कांदा बदामी झाला की वाटीतलं वाटण घालून दोन मिनिटं परता. थोडं गरम पाणी टाकून लाकडी उलथन्याने तळ खरवडून एकदम स्वच्छ करा. उरलेला थर तीन तासांत करपणार, हे लक्षात ठेवा.

मंद आच

तुकडा परत ठेवा, ताटात गळलेला रसही ओता. पाणी किंवा स्टॉक मांसाच्या उंचीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंतच यायला हवं. मांस पाण्यात बुडालं तर ते उकडलेलं मांस झालं, आसाद नव्हे. एक उकळी येऊ द्या आणि लगेच सर्वांत छोट्या शेगडीवर, सर्वांत मंद आच. पातेल्याखाली एक जुना लोखंडी तवा ठेवला की ज्वाला थेट लागत नाही.

झाकणाबाबत आपल्याकडची जुनी पद्धत इथे चपखल बसते: पातेल्यावर खोलगट ताटली ठेवायची आणि त्यात पाणी घालायचं. ताटलीचा पोटाकडचा भाग खाली झुकलेला असतो. वर पाणी असल्याने ती तुलनेने गार राहते, आतली वाफ तिला लागून थेंब होते, थेंब उतारावरून मध्याकडे सरकतात आणि बरोबर मांसाच्या पाठीवर पडतात. वर उघडा राहिलेला भाग सुकत नाही. शिवाय रस कमी झालाच तर घालायला गरम पाणी तयार. नळाचं गार पाणी घालू नका, शिजणं अर्धा तास मागे पडतं.

आच बरोबर आहे का हे बुडबुड्यांवरून कळतं. ताटली उचलून पाहा: एका कडेला सेकंद-दोन सेकंदांनी एखादा बुडबुडा फुटायला हवा. सगळा पृष्ठभाग खळखळत असेल तर तंतू बाहेरून सुटे होतात, आतून कोरडे पडतात, आणि चरबी रसात घुसळली जाऊन तो गढूळ, तेलकट होतो. दर पाऊण तासाने तुकडा उलटा करा. त्याहून जास्त वेळा उघडू नका.

दीड-दोन तासांनी काटा घालून पाहिला तर तुकडा रबरासारखा लागेल. हाच तो कडक टप्पा. झाकण ठेवा आणि पुढे चला. तीन तासांनी पुन्हा बघा. काट्याचा अनुभव ठरावीक असतो: कच्चा असताना काटा आत जातो पण बाहेर काढताना तुकडा त्याच्याबरोबर उचलला जातो, तयार झाल्यावर काटा लोण्यातून काढावा तसा निघतो आणि तुकडा जागेवर राहतो. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९५ अंश. पातळ, सुबक काप हवे असतील तर ८८-९० अंशांना, काट्याला जरासा विरोध शिल्लक असताना थांबा. गार होताना आणि पुन्हा गरम करताना तो विरोध जातो. इथे आमचं मत स्पष्ट आहे: पाहुण्यांसाठी काप, घरच्या जेवणाला काट्याने तुटणारे मोठे लचके.

ओव्हनमध्ये करायचं तर झाकणासकट १५० अंशांना तेवढाच वेळ. उष्णता सगळीकडून येते, तळाला लागण्याची भीती नसते. घरगुती ओटीजीत पाच लिटरचं पातेलं मावतं का, हे मांस खरपूस करायच्या आधी मोजून घ्या.

कुकरमध्येही होतो, पण वेगळा होतो. आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, कोलॅजन लवकर विरघळतं आणि तंतू पाणीही जास्त सोडतात. रस उत्कृष्ट, काप जरा सुके. शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी येताच आच अगदी बारीक करा आणि तिथून ५० मिनिटं धरा, म्हशीच्या मांसाला ७० ते ८०. पाणी पुरतं अर्धा लिटर हवंच, गॅस्केट चांगली असावी, आणि वाफ स्वतःहून उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला रस एकदम उकळून मांसातलं पाणी ओढून नेतो. म्हशीच्या मांसाला मधला मार्ग छान लागू पडतो: ३५ मिनिटं कुकरमध्ये, मग दीड-दोन तास पातेल्यात.

बटाटे आणि रस

कच्चे बटाटे थेट आंबट रसात टाकले तर ते तास उलटला तरी मध्ये टणक राहतात, कारण आम्लात बटाट्याच्या पेशींना जोडणारं पेक्टिन लवकर सैल होत नाही. म्हणून सोलून अर्धे करा, मिठाच्या साध्या पाण्यात आठ मिनिटं उकळा, निथळा आणि तेलात सोनेरी परता. शेवटच्या वीस मिनिटांत ते पातेल्यात जातात.

मांस शिजलं की ते रसातच अर्धा तास राहू द्या. बाहेर काढून ठेवलं तर वाफेबरोबर ओलावा जातो. मग तुकडा बाजूला झाकून ठेवा आणि रस गाळा. कांदा चाळणीवर दाबून त्याचा गर उतरवा, मिरच्या आणि खडा मसाला काढून टाका. वर तरंगणारी चरबी चमच्याने घ्या. उरलेला रस रुंद कढईत आटवा, चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ टिकेपर्यंत. खांद्याचा तुकडा असेल तर मैदा, कॉर्नफ्लोअर काही लागत नाही. टॉपसाइड वापरला असेल तर रस पातळच राहतो. तेव्हा पाव लिटर रसाला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून लावा. आंबटपणा टोचत असेल तर अर्धा चमचा गूळ. फिका वाटत असेल तर शेवटी व्हिनेगरचे चार थेंब आणि ताजी मिरी.

काप नेहमी तंतूंना आडवे. कच्च्या तुकड्यावर तंतूंची दिशा स्वच्छ दिसते, खरपूस झाल्यावर नाही. म्हणून दोरा बांधतानाच बघून ठेवा. तंतूंच्या दिशेने कापलेला उत्तम शिजलेला तुकडाही दोरीसारखा लागतो.

दुसऱ्या दिवशी

सणाला आसाद आदल्या दिवशी करावा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उथळ भांड्यात रसासकट फ्रिजमध्ये गेला पाहिजे. खोल पातेलं तसंच ठेवलं तर मध्यभाग तासन् तास कोमट राहून खराब होतो. सकाळी वरची चरबी घट्ट पापडीसारखी उचलून निघते आणि रसाची जेली झालेली असते. तुकडा गार असतानाच अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप करा. गरम असताना तुटणारा तुकडा आता सुरीखाली सरळ पडतो. काप पसरट भांड्यात मांडून वर रस घाला आणि झाकून अगदी मंद आचेवर २० मिनिटं, उकळू न देता. ३-४ दिवस फ्रिजमध्ये टिकतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर काप रसात बुडवूनच ठेवा, दोन-तीन महिन्यांनीही ओलसर निघतात. उरलेले गार काप ताज्या पोईत, म्हणजे गोव्याच्या पोकळ पावात, आतल्या बाजूला आटवलेल्या रसाचा एक चमचा फासून, कच्च्या कांद्याच्या दोन चकत्यांबरोबर खायचे.